उताऱ्याच्या कोंबड्यांची सोनाक्का

गावात कुणी आजारी पडलं की सोनाक्काला आनंद होतो, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. हे खोटं होतं. पण अगदी धादांत खोटं होतं, असंही मला म्हणवत नाही.

त्याचं असं होतं, की आमच्या उमरग्याच्या बाजूला तेव्हा कुणाचा ताप हटेना, लेकरू अंगावर पिईना, म्हैस दूध चोरायला लागली, की दवाखान्याच्या आधी उतारा व्हायचा. एक कोंबडी घ्यायची, जमलं तर काळी. दुखणेकऱ्याच्या अंगावरून ती ओवाळून उतरवायची, तिला हळदकुंकू लावायचं आणि गावाच्या शिवेवर, तीन वाटा फुटतात त्या तिकटीवर नेऊन सोडून द्यायची. दुखणं कोंबडीसंगं गेलं असं समजायचं आणि मागं न बघता घरी यायचं. त्या कोंबडीला पुढं कुणी हात लावत नसे. हात लावला तर ते दुखणं आपल्याला चिकटणार, ही लहानथोरांची खात्री.

आता सोनाक्काचं रान नेमकं तिकटीला लागून. सोडलेली कोंबडी काय, शहाणी असते. दुखणं-बिखणं तिला काही ठाऊक नसतं. ती सरळ सोनाक्काच्या खळ्यात शिरायची आणि जोंधळे टिपायला लागायची. सोनाक्का तिला धरायची, पदरानं तिचं कुंकू पुसायची आणि डालग्याखाली झाकायची.

"व्हय, आणली," ती भर पाणवठ्यावर सांगायची. "चोरली का कुणाची? तुमीच टाकून दिली व्हती. माघारी पायजे आसंल तर या की न्यायला. संगं दुखणं बी न्या म्हंजे झालं."

माघारी न्यायला कोण कशाला येतंय! अशा रीतीनं तिच्या कोंबड्या वाढत गेल्या.

मी लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती. माझा बाप कळंबच्या अडतीवर तोलार. मी बाजारपेठेत वाढलेली, आणि येऊन पडले रानातल्या वस्तीवर, जिथं दिवसभर माणसाचं तोंड दिसायचं नाही. आमच्या आणि सोनाक्काच्या रानात फक्त एक बांध. पहिल्या आठवड्यात मी बांधाशी गवत काढत होते, तर पलीकडून आवाज आला, "कुणाची गं तू?"

मी वर बघितलं. बुटकी, रुंद, काष्टा घट्ट मारलेली बाई. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. केसांत कोंबडीचं एक पीस अडकलेलं. ते पीस मला पुढं कायमच तिथं दिसलं. रोज वेगळं असेल, पण असायचंच.

"कळंबची," मी म्हणाले.

"कळंबच्या पोरींस्नी कोंबडी सोलाया येती का?"

"नाही."

"मग आईनं शिकिवलं तरी काय? ये हिकडं."

नवी नवरी होते मी, हातातला चुडासुद्धा उतरला नव्हता. पण त्या आवाजाला नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. तिनं मला चुलवणापाशी बसवलं आणि पाण्याचं शास्त्र सांगितलं. पाणी फार कढत असेल तर पिसांबरोबर कातडं निघतं, कोमट असेल तर पीस हलत नाही. "बोट घाल," ती म्हणाली. मी घातलं. "आई गं!" मी ओरडले. "झालं, आता पाणी बरोबर झालं," ती म्हणाली आणि कोंबडी बुडवली. मग पिसं उपटायची, कडब्याच्या धगीवर फिरवून बारीक लव जाळायची, हळद चोळायची, पोट साफ करायचं. हे सगळं त्या दिवशी शिकले ते आजतागायत विसरले नाही. घरी गेल्यावर सासूबाईंनी मला दारातच अडवलं, डोक्यावरून पाणी ओतलं आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. "त्या बयेच्या खळ्यात परत पाय ठिवला तर बघ," म्हणाल्या. मी ठेवला. दुसऱ्याच दिवशी ठेवला. काय करणार, तेवढं एकच घर हसतंखेळतं होतं.

सोनाक्काच्या कोंबड्यांना नावं होती, आणि तिथंच गावाचं डोकं फिरायचं. कोंबडी ज्या दुखण्यासाठी सोडली असेल ते तिचं नाव. एक तापाची. एक डांग्या खोकल्याची. एक म्हशीची. "अगं, खोकल्याची आज अंड्यावर बसली," असं ती मला बांधावरून ओरडून सांगायची. "म्हशीच्या खाली समदी पिल्लं निघाली, एक सुदिक अंडं वाया न्हाय गेलं!" एकदा आमच्या गावचे पाटील घोड्यावरून तिकटीनं निघाले होते. त्यांना पोटशूळ होता, आणि त्यासाठी उतारा झाला होता हे अख्ख्या गावाला माहीत. नेमकी त्याच वेळी सोनाक्का दाणे घेऊन खळ्यात उभी. "ये गं पोटशुळे, ये! कुठं उलथली सटवी? पाटलाच्या घरी लाडावलीस व्हय?" पाटलांनी घोडा थांबवला. सोनाक्कानं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाली, "पाटील, बरं हाय न्हवं आता? कोंबडी लई गुणाची निघाली तुमची." पाटलांनी घोड्याला टाच मारली. त्यानंतर त्यांचं घोडं लांबच्या वाटेनं जायला लागलं.

तिच्या तोंडाला लगाम नव्हता, पण हाताला चव होती आणि कामात कसूर नव्हती. पिल्लांसाठी ती वाळवी धरायची. फुटक्या मडक्यात शेण आणि ओलं काड भरायचं, आणि ते वारुळाजवळ पालथं घालून ठेवायचं. सकाळी उचललं की आतून मडकं वाळवीनं भरलेलं. पिल्लं त्यावर अशी तुटून पडायची, की बघत बसावं. विकायचे कोंबडे ती शेवटी वेगळे काढायची आणि भिजवलेला जोंधळा नि ताक देऊन पोसायची. कापायच्या आदल्या दिवशी मात्र दाणा बंद, नुसतं पाणी. "भरल्या पोटाचं कापलं की आतली घाण मासाला लागती," म्हणायची.

कापायला महेबूबचाचा यायचे. ते गावचे मुलाणी. आमच्याकडं हिंदूच्या घरीसुद्धा मुलाण्यानं बिस्मिल्ला करून कापल्याशिवाय कुणी तुकडा तोंडात घालत नसे. कलेजीचा वाटा हा त्यांचा हक्क. बाजाराच्या दिवशी सकाळी ते सुरीला धार लावून यायचे. कापणं व्हायचं ते भिंतीच्या पलीकडं, बाकीच्या कोंबड्यांना दिसणार नाही असं. ही सोनाक्काची अट. कोंबड्याचे पाय ती स्वतः धरायची, आणि तेवढा वेळ तिचं तोंड बंद असायचं. दिवसभरात तेवढाच वेळ. सगळं आटपलं की ओल्या फडक्यात आणि पळसाच्या पानांत बांधून पाटी डोक्यावर घ्यायची आणि निघायची डांबरी सडकेला.

ती सोलापूर-हैदराबादची सडक. तिथं ट्रका थांबायच्या त्या हॉटेलवाल्याला सोनाक्काचाच माल लागायचा. एखादी ट्रक उमरग्याकडं निघालेली असली तर ही हात करून थांबवायची आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसायची. त्या काळी बाईमाणसानं असं करणं म्हणजे! ड्रायव्हर तिला "मौसी" म्हणायचे. ती त्यांना "मुडद्या" म्हणायची. आणि ते हसत हसत तिची पाटी उतरवून द्यायचे.

ती सगळ्यातच शहाणी होती असं मात्र समजू नका. ब्लॉकच्या ऑफिसातून एकदा एक तरुण साहेब आला. पांढरेशुभ्र, टपोऱ्या तुऱ्याचे सरकारी कोंबडे घेऊन आला होता. म्हणाला, "बाई, ह्यांना जाळीतच ठेवा. पांढरा रंग घारीला लांबून दिसतो." सोनाक्का खो खो हसली. "माझ्या रानातल्या घारी मला वळखितेत, सायेब." आणि तिनं दिले सोडून. आठवडाभरात घारीनं ते सरकारी वैभव एकेक करून उचललं. शेवटचा कोंबडा गेला तेव्हा मी बांधावर होते. वर आभाळात पांढरं काहीतरी तडफडत चाललं होतं आणि खालून सोनाक्का दगड फेकत, घारीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पळत होती. दुसऱ्या दिवशी ती उमरग्याला गेली आणि भरल्या ऑफिसात त्या साहेबापुढं उभी राहिली. "सायेब, तुमचं खरं व्हतं, म्याच येडी. आता जाळी द्या." आपलं चुकलं म्हणून सांगायला आलेलं माणूस त्या ऑफिसनं बहुधा प्रथमच बघितलं असावं. साहेबानं जाळी दिली, वर दुसरे कोंबडेही दिले. तेव्हापासून तो म्हणेल ते तिला प्रमाण.

त्यामुळंच पुढं एका उन्हाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीची साथ आली तेव्हा तिचं निभावलं. त्या रोगात कोंबडी मान वाकडी करते, गरगर फिरते आणि मरते. साहेब बर्फाच्या बाटलीतून लस घेऊन गावात आला, तर लोकांनी कोंबड्या लपवून ठेवल्या. सोनाक्कानं एकेक धरून पुढं केली. गावातली खुराडी रिकामी झाली आणि हिच्या खळ्यात पहाटे कोंबडे आरवतच राहिले. तुम्हाला वाटेल, मग गावाला लस पटली असेल. छे! सासूबाईंनी सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला, "त्यांस्नी काय हुतंय? त्या मूळच्याच झपाटलेल्या!"

म्हणजे झालं काय, की सोनाक्काचा कोंबडा ट्रकवाले खायचे, उमरग्याचे व्यापारी खायचे, कचेरीतले साहेबलोक माणूस पाठवून न्यायचे, आणि गावातलं कुत्रंसुद्धा खात नव्हतं. कुणाच्या घरी पाहुणा आला तर माणसं दुसऱ्या गावाहून कोंबडी आणायची. आणि कुणी काही विचारलंच तर उत्तर तयार असायचं. "अगं, तिचा घरधनीच खात न्हाय. आमी कशापायी खावं?"

हे मात्र खरं होतं. तिचा नवरा, नामदेव. सोनाक्काला मी अक्का म्हणायची म्हणून ते माझे दाजी. उंच, हडकुळे, देवमाणूस. आणि भित्रे किती, तर विचारू नका. घुबडाला भ्यायचे, जोग्याला भ्यायचे, ब्लॉकच्या साहेबाच्या टोपीला भ्यायचे. स्वतःच्या रानात जायला तिकटी ओलांडावी लागते म्हणून ओढ्यातून वळसा घालून जायचे. पहिली उताऱ्याची कोंबडी घरात आली तेव्हा त्यांनी अंथरूण गोठ्यात नेलं ते बरेच दिवस तिथंच होतं. सोनाक्कानं त्यांच्यासाठी वेगळी चूल, वेगळं तवा-भगुणं केलं होतं. घरात रश्श्याचा घमघमाट सुटलेला असायचा आणि हे आपले कोपऱ्यात ठेचा-भाकरी खात बसलेले. ती त्यांची टिंगल करायची, "ह्यास्नी बगा, ह्ये बामणाचं लेकरू चुकून माझ्या पदरात पडलंय." दाजी हसायचे आणि खाली मान घालून जेवायचे.

एकदाच ती माझ्यापाशी बोलली. आम्ही पिसं उपटत बसलो होतो. मध्येच तिचे हात थांबले. "समदा मुलूख खातोय गं माझ्या हातचं," ती म्हणाली. "ह्यो एक माणूस खाईना, आन् ह्याच्यामुळं गाव खाईना. म्या काय इख घालते का?" मी पिसं उपटत राहिले. मी तर कधीचीच खात होते, तिच्या चुलीपाशी बसून, सासूबाईंच्या चोरून. धडधाकट होते. पण ते गावात सांगायची सोय नव्हती ना!

तिची एकुलती एक लेक मुक्ता. ती कळंबकडं दिलेली, माझ्या माहेरच्या बाजूला. त्या घरातली माणसं मला ठाऊक होती. वाईट नव्हती, पण मानपानाला फार कडक. मुक्ताला बरीच वर्षं मूल नव्हतं. तेव्हा सोनाक्कानं गावच्या पिराला नवस बोलला आणि तोही असा मोठ्यानं, की पलीकडच्या गल्लीला ऐकू जावा. "पीरबाबा, माझ्या मुक्तीला लेकरू दे. माझ्याच घरच्या कोंबड्यांची कंदुरी करीन, अख्ख्या गावाला जेवू घालीन!"

मुक्ताला मुलगी झाली. कुणीतरी म्हणालं, मुलगीच की! सोनाक्का फाडकन म्हणाली, "म्या लेकरू मागितलं व्हतं. त्यानं दिलं. त्यो आपल्या शब्दाला जागला, आता म्या जागणार."

आणि गावाची पंचाईत झाली. कंदुरी म्हणजे पिराच्या नावानं गावजेवण. त्याला जात बघत नाहीत, मान बघत नाहीत. पिराचा न्याज, म्हणजे प्रसाद, नाकारायचा नसतो, नाकारला तर पीर कोपतो. आणि खावा, तर तो उताऱ्याच्या कोंबड्यांचा! चावडीवर बैठका झाल्या. एक जण म्हणाला, कंदुरी बकऱ्याची असते, कोंबड्यांची कुणी ऐकली? सगळ्यांना जरा आशा वाटली. महेबूबचाचांना बोलावून विचारलं. चाचा म्हणाले, "नवस जसा बोलला तसा फेडायचा. पीर काय शिंगं मोजून घेतो काय?" मग पाटलांनीच हळूच विचारलं, की चाचा, त्या कोंबड्यांच्या अंगात ते जे काही आहे, त्याचं काय? "माझ्या सुरीवर अल्लाचं नाव हाय, पाटील. त्याच्या खालून गेल्यावर मागं काय उरतं? तुमचा पोटशूळ एवढा मोठा लागून गेला काय?" चावडीनं माना डोलावल्या. पण पटणं वेगळं आणि घास तोंडात घालणं वेगळं.

कंदुरीच्या दिवशी मुक्ताचं सासर वाटेत मुक्काम करत, बैलगाड्या जुंपून हजर. विहीणबाई पिराच्या लिंबाखाली घोंगडीवर नातीला मांडीवर घेऊन बसल्या. सोनाक्कानं हिरवं लुगडं नेसलं होतं. महेबूबचाचांनी पहाटेपासून कापाकापी केली होती, मी आणि दोघीतिघी बाया भाकऱ्या बडवत होतो. दोन मोठ्या डेगी चढल्या. चाचांनी मलिदा ठेवला, फातेहा दिला, ऊद जाळला. पंगतीची जागा सारवून, पाणी शिंपून तयार. पत्रावळी मांडल्या.

आणि गाव आलं. सगळं आलं! पण जेवायला म्हणून कुणी आलं नाही. कुणी नारळ वाहायला आलं होतं. कुणी लेकरू बघायला. एकाची शेळी चुकली होती, ती तो लिंबाभोवती हिंडून शोधत होता. माझ्या सासूबाई म्हणाल्या, मी सुनेला बोलवायला आले, आणि तिथंच उभ्या राहिल्या. रश्श्याचा वास असा सुटला होता, की शेळी शोधणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला चुलीपासून दिसत होतं. पण पत्रावळीवर कोणी बसेना. वाऱ्यानं एखादी उडायची, मुक्ता धावत जाऊन तिच्यावर खडा ठेवायची.

सोनाक्का हातात पळी घेऊन डेगीपाशी उभी होती. "या की! बसा की! पाटील, बसा!" आधी हसून म्हणत होती. मग नुसतं "बसा" म्हणत होती. मग तिचा आवाजच बंद झाला. तो आवाज बंद झालेला मी भिंतीमागं सुरी चालतानाच काय तो बघितला होता. विहीणबाईंनी मुक्ताला जवळ बोलावलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय गं, तुझ्या माह्यारचं गाव तुझ्या आईच्या हातचं जेवत न्हाय व्हय?" मुक्ताचा चेहरा पांढरा पडला. ती आईकडं बघायला लागली. सोनाक्का डेगीकडं बघत राहिली. कंदुरीची पंगत उठली नाही तर नवस फिटत नाही, आणि ही गोष्ट गाडीत बसून कळंबपर्यंत जाणार, तिथं मुक्ताला जन्मभर ऐकावी लागणार, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. तरी पाय कुणाचा हलेना. भीती वाईट हो.

दाजी सकाळपासून विहिरीवरून पाणी आणत होते. खांद्यावर कावड घेऊन ते आले, विहिणीचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी मुक्ताकडं बघितलं. मग कावड खाली ठेवली, हात धुतले, अंगरख्याला पुसले, आणि सरळ जाऊन मधल्या पत्रावळीवर मांडी घालून बसले.

आता घरच्या माणसानं पाहुण्यांच्या आधी बसणं ही केवढी चूक! "अगं बया, यजमानच बसला!" सासूबाईंच्या तोंडून निघालंच.

"सोने, वाढ," दाजी म्हणाले.

सोनाक्काला वाटलं, ह्यांना भाकरी पाहिजे. ती ठेचा शोधायला लागली. "ठेचा न्हाय आणला गं म्या..." असं काहीतरी माझ्याकडं बघून पुटपुटली.

"ठेचा नगं," दाजी म्हणाले. "कोंबडं वाढ. पिराचं हाय."

ती हलेचना. शेवटी मीच तिच्या कोपराला ढोसलं. तिनं वाढलं. दाजींनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, डोळे गच्च मिटले आणि घास तोंडात घातला. अख्खं गाव त्यांच्या गळ्याकडं बघत होतं. घास खाली गेला. कपाळावर घाम आला, तो तिखटाचा की भीतीचा, देव जाणे. त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा. मग मासाचा तुकडा उचलला, तो खाल्ला, हाड चोखलं, आणि सोनाक्काकडं वर बघून रागानंच म्हणाले, "इतकी वर्सं मला कुणी सांगितलं न्हाय!"

"काय?" तिला काही कळेना.

"ह्ये असं लागतंय म्हणून!"

"आवं, रोज बोंबलून सांगत व्हते की!" ती ओरडली. आवाज परत आला, बाई, आणि असा आला की लिंबावरची पाखरं उडाली. विहीणबाई पहिल्यांदा हसल्या, मग बाया हसल्या, मग सगळंच हसलं. दाजी मात्र हसले नाहीत. "वाढ की अजून," म्हणाले.

महेबूबचाचा त्यांच्या शेजारी जाऊन बसले. मग पाटलांनी खाकरून पटका सारखा केला, "पिराचं हाय, न्हाय म्हणू ने," म्हणाले आणि बसले. शेळी शोधणारा तर पाटील बसायच्या आतच बसला होता. त्यानंतर पंगतीवर पंगत उठली. गड्यांच्या झाल्या, बायांच्या झाल्या, लेकरं तर परत परत बसली. माझ्या सासूबाईंना वाढताना मी पळी जरा राखून टाकली, तर पत्रावळ पुढं सरकवून म्हणाल्या, "हात आखडू नगं गं, न्याजाला हात आखडू ने." दाजी कमरेला पंचा गुंडाळून स्वतः वाढायला लागले होते. त्यांना असं गडबडीनं चालताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

त्याच महिन्यात माझ्या मालकांना ढोकीच्या साखर कारखान्यावर काम मिळालं आणि आमचं बिऱ्हाड तिकडं गेलं. नंतर सोनाक्काचं खुशालीचं कळत राहिलं, भेट मात्र घडली नाही. म्हणून मला ती दिसते ती त्या दिवशीचीच.

दिवस कलला होता. विहीणबाईंच्या गाड्या जुंपत होत्या, मुक्ता लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती. दाजी लिंबाखाली पोटावर हात ठेवून घोरत होते. मी दोन भाकऱ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या, त्या घेऊन सोनाक्काकडं गेले. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. बघते तर दोन्ही डेगी रिकाम्या. एक ती आडवी करत होती.

"अक्का, तुला काहीच राहिलं नाही गं," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातली भाकरी ओढून घेतली, गुडघे टेकले आणि खांद्यापर्यंत त्या डेगीत शिरली. बाहेर नुसतं हिरवं लुगडं आणि तळपाय. आतून ती भाकरीनं तळ पुसत होती, खात होती, आणि तिचा आवाज डेगीतून घुमत होता, "समदं खाल्लं गं ह्यांनी! समदं! माझ्या वाटंचा एक तुकडा सुदिक ठिवला न्हाय मेल्यांनी!"